टॅनेनबर्ग: भांडणापेक्षा भाकरीचा प्रश्न मोठा
पहिल्या महायुद्धातल्या टॅनेनबर्गच्या रशिया-जर्मनी लढाईवरच्या तुमच्या लेखात रशियाच्या सेकंड आर्मीच्या नाशाचं खापर तिचा सेनापती साम्सोनोव आणि फर्स्ट आर्मीचा सेनापती रेनेनकाम्फ यांच्या जुन्या वैरावर फोडलंय, ते पटलं नाही. रशिया-जपान युद्धाच्या वेळी मांचुरियातल्या मुकदेन स्टेशनवर या दोघांची मारामारी झाली, ही गोष्ट रंगवली जर्मन अधिकारी हॉफमनने! खरं दुखणं पुरवठ्याचं. वाळूच्या रस्त्यांवरून अर्धपोटी सैनिक चालतायत आणि मागून दोघांचा वरिष्ठ सेनापती झिलिन्स्कीचा 'लवकर चला' असा तगादा. वायरलेसवरचे हुकूमसुद्धा सांकेतिक नव्हे, उघड्या भाषेत, जर्मन निवांत ऐकत बसलेले. ऑगस्ट १९१४ अखेर सुमारे ९० हजार कैदी झाले, साम्सोनोवने स्वतःला गोळी घातली. पण ही आर्मी तिथे संपली नाही, हे लेखात राहूनच गेलं. पुन्हा उभी करून ती नोव्हेंबरात पोलंडमध्ये वूच (लॉड्झ) शहराजवळ लढली, वेढली जाता जाता टिकलीसुद्धा. त्यावरही लिहा की.