गोडलिंबाची पंगत

नागपूरच्या मानेवाड्यातल्या आमच्या घरापुढे दोन फॉक्सटेल पाम होते. सात वर्षांत त्यांच्यावर एक पाखरू टेकलेलं मी पाहिलं नाही. कावळासुद्धा त्यांना टाळून कंपाउंडवर बसायचा. शेवटी ते काढले आणि पाखरांसाठी देशी झाडं लावायची ठरवून नर्सरीत भोकर मागितलं. सराफाच्या दुकानात गोवऱ्या मागाव्या, तसं नर्सरीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं.

"भोकर विकत घेते का कोणी, साहेब? ते तं पाखरंच लावते. कोनोकार्पस न्या, दोन वर्षांत भिंत उभी होते."

"मला भिंत नको, पाखरं पाहिजेत."

"मंग पाखरांलेच सांगा ना जी!"

चार नर्सऱ्या पालथ्या घालून भोकर, करवंद आणि अडुळसा आणला. भोकर पहिल्याच नवतप्यात, मेअखेरच्या त्या नऊ जाळत्या दिवसांत, गेलं. कूलरसमोर बसून मीच जेमतेम टिकलो होतो, त्या रोपाला काय बोलणार? अडुळसा मात्र फुलला आणि मध पिणारे इवले शिंजीर येऊ लागले. पण खरी कमाल केली गोडलिंबानं. तो पाखरांसाठी नव्हताच, फोडणीसाठी होता.

आधी त्याच्यावर चिमण्यांनी केल्यासारखी घाण दिसायला लागली. मी ओलं फडकं घेऊन पानं पुसायला बसलो, तर एक घाण चालायला लागली. ती फुलपाखराची अळी होती. कोवळ्या वयात ती पाखराच्या विष्ठेसारखीच दिसते, म्हणून तेव्हा तिला सहसा कोणी खात नाही. फवारणी करायचीही सोय नाही. फळं खाणारे बुलबुलही पिल्लांना किडे-अळ्याच भरवतात. म्हणजे माझ्या फोडणीतली पानं अळ्यांना आणि अळ्या बुलबुलाच्या पोरांना. मला दांड्या.

तिसऱ्या वर्षी काळी फळं धरली आणि कोकिळेला पत्ता लागला. मादी ठिपक्यांची, गुपचूप खाणारी. नर मात्र पहाटे चारलाच सुरू. कवितेत तो गोड वाटतो, कारण कवितेत त्याचा आवाज एकदाच येतो. आमच्याकडे तो दर वेळी एक पट्टी वर चढत जायचा आणि आता फुटेल असं वाटलं की थांबून पुन्हा खालून सुरू करायचा.

एवढं खाल्लेलं कुठेतरी जायला हवं. ते शेजारच्या काकांच्या पांढऱ्या गाडीवर गेलं. जांभळं.

"काहो, तुमच्या पाखरांना जरा समजवा."

"काका, माझी नाहीत जी ती."

"मंग जेवण कोण घालून राह्यलं?"

यावर मी फडकं आणि बादली उचलली. आठवड्यातून दोनदा त्यांची गाडी मी धुतो. काकू वरून बघतात आणि टायर दाखवतात.

परवा काकांनी गच्चीवर बोलावलं. पाण्याच्या टाकीखालच्या भेगेतून वीतभर पिंपळ डोलत होता. काकांना तो उपटायचा होता, पण पिंपळाला हात लावायची हिंमत नव्हती.

"पाखरं तुमची, मंग झाडही तुमचंच," ते म्हणाले. "न्या."

मुळं भिंतीत खोल गेली होती. ती सोडवता सोडवता खाली नजर गेली. माझ्याच कंपाउंडच्या कोपऱ्यात, विजेच्या तारेखाली, न लावलेलं, न पाणी घातलेलं एक भोकर गुडघाभर उंच उभं होतं.