आपल्या पोरांचं कार्टून कुठंय?

2025 च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र सरकारने पहिलीपासून हिंदीचा जीआर काढला, जूनमध्ये त्यात दुरुस्ती केली आणि 29 जूनला दोन्ही जीआर मागे घेतले, त्या मधल्या काळात आमचा फॅमिली ग्रुप नुसता पेटलेला होता. मी इथे ब्रिस्बेनमध्ये बसून सगळं वाचत होते आणि माझा सक्तीला विरोधच होता, आजही आहे. पण त्या गदारोळात एक गोष्ट मला राहून राहून टोचत होती. आपली बरीच मुलं शाळेत जायच्या आधीच हिंदी शिकलेली असतात, आणि ती टीव्हीवरून. माझा भाचा अस्सल मराठी घरातला, आईबाबा दोघंही मराठी शाळेत शिकलेले, पण खेळायला लागला की हा हिंदीत बोलतो कारण त्याचे सगळे हिरो हिंदीत बोलतात. जीआर मागे घेता येतो हो, हे कसं मागे घेणार?

मला हे एवढं जाणवतं त्याचं कारण ब्लूई हे इथलं कार्टून. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, ब्लूई ही सुरुवातीला सहा वर्षांची, हीलर जातीच्या कुत्र्यांच्या घरातली मुलगी, तिची चार वर्षांची बहीण बिंगो, बाबा बँडिट आणि आई चिली. जो ब्रम यांनी निर्माण केलेली ही सिरीज इथल्याच लुडो स्टुडिओत बनते, 1 ऑक्टोबर 2018 ला एबीसी किड्सवर सुरू झाली आणि एकेक भाग जेमतेम सात मिनिटांचा असतो. व्हिलन नाही, मारामारी नाही, मुलं खेळ काढतात आणि आईबाप त्या खेळात ओढले जातात, एवढंच. आणि मी ते मुलांच्या शेजारी बसून अगदी मन लावून बघते, मुलं झोपल्यावर एकटीने पण बघते.

एका भागात चिली म्हणते की मला फक्त 20 मिनिटं हवीत ज्यात माझ्याजवळ कोणी येणार नाही. बस. ब्लूईला कळतच नाही आईला झालंय काय, पण त्या वाक्यावरून घरात कोणी रुसत नाही, आईला कोणी अपराधी वाटायला लावत नाही. मी लहानपणी पडद्यावर जितक्या आया बघितल्या त्यातली एकही अशी दमली नाही, त्या आजारी पडायच्या, रडायच्या, त्याग करायच्या, पण साधं दमून "जरा बाजूला व्हा" म्हणायच्या नाहीत. दुसऱ्या एका भागात चिली सांगते की ब्लूई बाळ असताना बाकीची बाळं कशी भराभर रांगायला चालायला लागली आणि तिच्या मनात कशी शर्यत सुरू झाली, मग बरीच मुलं वाढवलेली एक मैत्रीण घरी येऊन तिला सांगते, तू छान करतेयस. "अजून चालत नाही का?" हा प्रश्न ज्या ज्या आईने ऐकलाय तिने हा भाग बघावाच.

आणि तो झोपेचा भाग. बिंगोला आज मोठ्या मुलीसारखं स्वतःच्या बिछान्यात झोपायचंय, स्वप्नात ती ग्रहांमधून फिरते आणि सूर्याची ऊब म्हणजे तिची आई. मागे होल्स्ट या इंग्रज संगीतकाराची ज्युपिटर ही रचना वाजते. (हा होल्स्ट संस्कृत शिकला होता आणि ऋग्वेदातल्या सूक्तांचं त्याने स्वतः भाषांतर करून त्यांना संगीत दिलं होतं, हे कळल्यावर मला फार भारी वाटलं.) तू मला बघू शकली नाहीस तरी मी आहेच, असं तो सूर्य सांगतो. माझी आई साताऱ्यात आहे, मी इथे, माझी मुलगी माझ्या मांडीवर. आम्ही दोघी तोच भाग बघत असतो, ती बिंगो असते आणि मी एकाच वेळी बिंगो पण आणि सूर्य पण.

पण खरा मुद्दा पुढे आहे. त्या सिरीजमधलं घर म्हणजे इथलं क्वीन्सलँडर घर, लाकडी, खांबांवर उचललेलं, पुढे व्हरांडा. बाहेरची झाडं, पक्षी, ऊन, सगळं ब्रिस्बेनचं. माझी मुलं खिडकीबाहेर बघतात आणि टीव्हीत बघतात तर तेच शहर. साताऱ्यातल्या, नांदेडमधल्या, डोंबिवलीतल्या पोराला हे कधी मिळालंय? डोरेमॉनमधला नोबिता टोकियोत राहतो, शिनचॅन कासुकाबेत, जे जपानमधलं खरंखुरं गाव आहे, म्हणजे आपल्या मुलांना जपानी घरातले सरकते दरवाजे पाठ आहेत. 2008 पासून आलेला छोटा भीम आपल्या देशातला, हैदराबादच्या स्टुडिओतला, पण त्याचं ढोलकपूर नकाशावर नाही. मला यातल्या कोणाचाच राग नाही. मुलं आनंदाने बघतात, बघू देत. फक्त या यादीत आपलं गाव कुठेच नाही याचं वाईट वाटतं.

आपल्याकडे कार्टूनचा विषय निघाला की गाडी लगेच "बंद करा"वर जाते. 2008 मध्ये सरकारने शिनचॅनवर बंदी घातलीच होती, पुढे तो परत आला. आता मोबाईलवरून तेच. इथेही स्क्रीनवरून कमी भांडणं होत नाहीत, 10 डिसेंबर 2025 पासून 16 वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियाच्या अकाउंटवर बंदी आलीय. आणि लहान मुलांसाठी भारतातले बालरोगतज्ज्ञ जे सांगतात तेच इथलेही सांगतात, दोन वर्षांखाली स्क्रीन नको, दोन ते पाच वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास. मला ते मान्य आहे. पण त्या एका तासात काय बघायचं आणि कोणाबरोबर, यावर आपण बोलतच नाही. फुगा जमिनीला टेकू द्यायचा नाही असा खेळ असलेला एक भाग आहे, तो संपला की टीव्ही बंद करायला सांगावं लागत नाही, मुलं आधीच फुगा शोधायला पळालेली असतात.

"मराठीत कोण बघणार, मार्केट नाही" हे दादा मला दरवेळी ऐकवतो. दक्षिणेत सन नेटवर्कने तमिळमध्ये चुट्टी, तेलुगूत खुशी, कन्नडमध्ये चिंटू, मल्याळममध्ये कोचू असे मुलांचे चॅनल उभे केलेच ना. ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या पावणेतीन कोटींच्या आसपास, महाराष्ट्राची 2011 च्या जनगणनेतच 11 कोटींच्या वर. आणि ब्लूई काही कोणा धाडसी शेठजीने एकट्याने काढलेली नाही, त्यामागे एबीसी म्हणजे इथलं सरकारी पैशावर चालणारं दूरदर्शन आहे, बीबीसी स्टुडिओज आहे, स्क्रीन ऑस्ट्रेलिया आणि स्क्रीन क्वीन्सलँड या सरकारी संस्थांचं अनुदान आहे. अमेरिकेत दाखवताना त्यांनी उच्चार बदलले नाहीत, सगळं इथल्यासारखंच बोलतात, तरी 2024 मध्ये अमेरिकेत स्ट्रीमिंगवर सगळ्यात जास्त हेच बघितलं गेलं, कोण काय किती बघतं ते मोजणाऱ्या नील्सन कंपनीच्या आकड्यानुसार 5,562 कोटी मिनिटं. इतकं गल्लीतलं आणि इतकं जगभर गेलेलं!

इथे सगळं आलबेल आहे असं मात्र अजिबात नाही. खासगी चॅनलवर मुलांचे इथे बनलेले कार्यक्रम दाखवायची जी सक्ती होती ती 2021 पासून काढून टाकली, आणि मुलांसाठी लिहिणारे बनवणारे लोक त्यावर अजून चिडलेले आहेत. ब्लूईची जगभरची विक्री आणि खेळण्यांचे हक्क बीबीसी स्टुडिओजकडे आहेत, त्यामुळे ज्या देशाच्या टॅक्समधून ही पोर वाढली त्या देशाच्या चॅनलला त्या खेळण्यांच्या पैशातला मोठा वाटा मिळत नाही, याचीही इथे लोकांना चीड आहे.

3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आम्ही इथेसुद्धा आनंद साजरा केला. आता त्या नावाने जो काही पैसा येईल, राज्याकडून असो की केंद्राकडून, त्यातला थोडा सात-सात मिनिटांच्या भागांसाठी ठेवा, सह्याद्री वाहिनी आहेच, नुसतं मराठीत डबिंग नको, आपल्या जिन्यातली, आपल्या पावसातली, दमलेल्या आईची आणि खेळणाऱ्या बाबाची गोष्ट लिहून घ्या, नांदेडची असेल तर तिथल्या बोलीत. आणि हक्क मात्र महाराष्ट्रातच राहतील हे करारात पहिल्याच पानावर लिहा.