निम्म्याच्या आत

लॅपटॉप एकदम बंद पडला तर बरं असतं, एकदाचं हळहळून नवीन घेता येतो. वैताग असतो तो अर्धवट चालणाऱ्याचा. माझा चालतो, पण त्याच्या मर्जीने. बॅटरी ४० टक्के दाखवत असते आणि तुम्ही निवांत टाईप करत असता तेवढ्यात फट्कन स्क्रीन काळी. झाकण उघडलं की बिजागरी कट् करते आणि कोपऱ्यातलं प्लास्टिक आणखी थोडं वर येतं. पंख्याबद्दल काय बोलणार, ऑनलाईन मीटिंगमध्ये लोक विचारतात, कुठे प्रवासात आहेस का.

तर यावर नेटवर जिकडेतिकडे एकच नियम सापडतो, दुरुस्तीचा खर्च नव्याच्या किमतीच्या निम्म्यावर गेला की नवीन घ्या. वाचायला मस्त आहे. पण हा नियम माझ्या लॅपटॉपने माझ्याआधी वाचलेला दिसतोय, कारण तो कधीच एकदम निम्म्यावर जात नाही, हप्त्याहप्त्याने बिघडतो. आधी बॅटरी. विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट काढता येतो, त्यात मूळची क्षमता आणि आत्ताची क्षमता शेजारी शेजारी येतात, ते बघून मलाच अशक्तपणा आला. साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज झाल्या की या लिथियम बॅटऱ्या थकतातच म्हणे. पण नुसती बॅटरी म्हणजे निम्म्याच्या जवळपासही नाही ना, बदलली. मग बिजागरी, तीही निम्म्याच्या आत. मग कीबोर्ड. आता या सगळ्याची बेरीज करायची की दर वेळी शून्यापासून मोजायचं, हे त्या नियमात कोणी लिहिलेलंच नाही. बायको बेरीज करते. मी दर वेळी शून्यापासून.

शिवाय जो भाग बदलावा तोच पुढे आडवा येतो. आत्ताच तर नवी बॅटरी टाकलीये, असा कसा टाकून द्यायचा? ती बॅटरी दुसऱ्या मॉडेलला बसतही नाही.

दुरुस्तीवाल्याने एकदा आतून उघडून दाखवला. पंख्यात धुळीची गादी, प्रोसेसरची उष्णता बाहेर काढायला लावलेली थर्मल पेस्ट वाळून खडखडीत. तो म्हणाला, हार्डडिस्क काढा, तिच्या जागी एसएसडी, म्हणजे वेगवान चिपवाली डिस्क टाका, पळेल. आणि वाईट म्हणजे खरंच पळाला हो! चालू करून इतर कामं उरकून यायची सवय होती, आता बसायच्या आत तयार. न पळता तर निर्णय झाला असता.

मग विंडोजवाल्या कंपनीनेच निर्णय घेतला असं वाटलं. १४ ऑक्टोबर २०२५ ला माझ्या विंडोज १० चा सपोर्ट संपला, म्हणजे नेहमीचे अपडेट बंद. विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, माझा सातव्या. एका पिढीने हुकलो. भाचा म्हणाला, मामा, विंडोज काढून लिनक्स टाक ना, फुकट सिस्टीम आहे, काही होत नाही. त्याचं काही होत नाहीच, प्रिंट मला काढायची असते.

बरं, नवीन बघावा तर पातळ लॅपटॉपांत बऱ्याचदा रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली, घेताना घेतली तेवढीच जन्मभर, वाढवायची सोय नाही. हे सगळं शोधायचं कशावर, तर याच लॅपटॉपवर, आणि तुलनेसाठी आठ-दहा टॅब उघडले की याची ४ जीबी रॅम भरते आणि हा गप्प बसतो. स्वतःच्या बदलीचा कागद स्वतःच दाबून ठेवतोय लेकाचा.

परवा मदरबोर्ड गेला. मला मनातून सुटल्यासारखं झालं. दुरुस्तीवाल्याने फोनवर आकडा सांगितला, बायकोने तिथल्या तिथे नव्याच्या किमतीने भागून बघितला आणि मोबाईल माझ्यासमोर धरला. ४८ टक्के.

मी त्याला म्हटलं, करून टाका.