मावशी, आधार रद्द करू नका

आज सकाळी चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर परत तोच फोटो. कोळीणबाईच्या टोपलीला लटकवलेला क्यूआर कोड, त्यावर लाल गोल, खाली '६६६, श्वापदाची खूण'. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, श्वापदाचा आकडा ६६६ आहे आणि त्याची खूण नसेल त्याला खरेदी-विक्री करता येत नाही; क्यूआर, आधार म्हणजे तीच खूण, असं यांचं म्हणणं. सोबत एका पुढाऱ्याच्या नावाची बेरीज. त्याखाली एका मावशींनी विचारलंय, "मग माझं आधार रद्द करू का?" पेन्शन त्यावरच येते त्यांची. तेव्हापासून डोकं तापलंय.

ती बेरीज कशी करतात बघा. इंग्रजी ए म्हणजे ६, बी १२, सी १८, असं झेडपर्यंत. या हिशोबात 'कॉम्प्युटर'चे ६६६ भरतात, 'न्यूयॉर्क'चेही! नाहीच भरले तर स्पेलिंग बदलायचं, नाहीतर नावाला पदवी जोडायची. शत्रू आधी ठरलेला असतो, आकडा मागून येतो.

प्रकटीकरण लिहिणाऱ्या योहानाच्या काळी अक्षरंच आकडे म्हणून वापरत. 'नेरोन कैसर', म्हणजे रोमचा सम्राट नेरो, हिब्रूत मांडा: नून ५०, रेश २००, वाव ६, नून ५०, कोफ १००, सामेख ६०, रेश २००. झाले ६६६. लॅटिनसारखं 'नेरो' म्हटलं की शेवटचा नून गळतो, उरतात ६१६, आणि काही जुन्या हस्तलिखितांत खरोखर ६१६ आहे. नेरोबद्दल सगळ्यांचं एकमत नाही, ठीक आहे. पण सात डोंगरांवर बसलेली स्त्री (अध्याय १७, वचन ९) म्हणजे सात टेकड्यांचं रोम, हे योहानाने ज्यांना लिहिलं त्या सात मंडळ्यांत कुणाला समजावून सांगावं लागलं नसेल.

पुस्तक राजकीय आहेच हो! पण त्यातलं राजकारण ६:६ मध्ये वाचा. एका माणसाला दिवसभर पुरतील एवढे गहू, किंमत एक दिनार. दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. घरात पाच तोंडं असली तर? मग जव घ्या, तिप्पट मिळतात. तेल आणि द्राक्षारसाला मात्र धक्का लागत नाही. अठराव्या अध्यायात व्यापाऱ्यांच्या मालाची यादी सोन्यापासून सुरू होते. गुरंढोरं, घोडे, रथ, आणि सगळ्यांच्या मागे माणसं. विकायला काढलेली. याचा फॉरवर्ड कधी आलाय?

सरकारने आपली किती माहिती गोळा करावी यावर भांडायचं तर जरूर भांडू. त्यासाठी श्वापद कशाला?

मावशी, तुमच्यावर नाही चिडलो. खूण उजव्या हातावर किंवा कपाळावर म्हटलीय, आणि लगेच चौदाव्याच्या पहिल्या वचनात कोकऱ्याच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या, लोकांच्या कपाळावर त्याचं आणि पित्याचं नाव आहे. दोन्ही एकत्र वाचा, भीती कमी होईल. कार्ड जपून ठेवा, पेन्शन घ्या, आणि कोळीणबाईंना खुशाल क्यूआरवर पैसे द्या.