किती पितो, हे नका विचारू

गोव्यात दारूचा विषय काढला की उत्तर ठरलेलं: "गोंयांत कोण पिना रे?" खरं आहे. काजूच्या हंगामात हुर्राकात, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूत, लिम्का आणि चिरलेली हिरवी मिरची घालून बसणं मलाही आवडतं. फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचाही अभिमान आहे. पण या एका वाक्याच्या आडोशाने गावातले किती संसार पोखरले, तेही बघत आलोय.

आपण मोजतो काय, तर पेग. "रात्रीचीच घेतो." "ड्युटी चुकवत नाही." "पिऊन कधी रस्त्यात पडलाय का?"

मी म्हणतो, घराकडे बघा. ओळखीतल्या एक वहिनी सांगत होत्या, "स्कूटर स्टँडवर कशी चढते, त्या आवाजावरूनच कळतं, पोरांना आधी जेवायला घालायचं की थांबायचं." नवरा चांगल्या नोकरीत, गावात मान. पण मुलगी मैत्रिणींना घरी आणत नाही आणि पीएफमधले पैसे कधी काढले ते बायकोला बँकेतून कळलं. चतुर्थीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची फळापानांची चौकट, बांधायचं काम वर्षानुवर्षं त्याच्याकडे. आता सकाळी हात थरथरतात, म्हणून पुतण्या स्टुलावर चढून सुपारीचे घोस बांधतो आणि हा खालून सूचना देतो. विचारलं तर म्हणे पाठ धरलीय. सगळ्यांना कळतं, बोलत कोणी नाही. (मांडवीतल्या कॅसिनोंवर मात्र आम्ही तासन्‌तास बोलतो!)

डॉक्टर चार साधे प्रश्न विचारतात. कमी करायला हवी असं कधी वाटलं? कोणी टोकलं तर राग आला? प्यायल्याबद्दल अपराधी वाटलं? सकाळी उठल्या उठल्या घ्यावी लागली? यात पेगचा हिशेब कुठेच नाही. दोन 'हो' आले तरी तपासून घ्यावं, असं मानतात.

आणि ते देवापुढे नारळ ठेवून "आजपासून बंद" म्हणणं. श्रद्धेला माझा विरोध नाही. पण वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर. बांबोळीचं मनोरुग्णालय म्हटलं की लोक दचकतात, पण व्यसनावर उपचार तिथेही होतात. पिणं फार पुढे गेलेलं नसेल तर नुसत्या बोलण्याचाही उपयोग होतो. गोव्यातल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या प्रशिक्षित समुपदेशकांनी मोजक्या भेटींत केलेलं काम २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा, ज्यांच्याशी ते बोलले त्यांच्यातल्या जास्त जणांचं पिणं आटोक्यात आलं.

तो "मला काही झालेलं नाही" म्हणत असेल तर त्याची वाट बघत बसू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे आणि घरच्यांनीही लावायला हरकत नाही. त्या वहिनींना मी तोच दिलाय.