आमदाराचा फणस आणि आमच्या विहिरीवरची मोटार

आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागं 'कटहल' (म्हणजे फणस) ह्या हिंदी पिक्चरवरून चांगलंच वाजलं. पिक्चर तसा 2023चा, नेटफ्लिक्सवर आलेला, पण 2025 मध्ये त्याला उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला अन् मग ग्रुपमधल्या बऱ्याच जणांनी पहिल्यांदा बघितला. परभणीत वकिली करणारा मित्र चिडलाच, म्हणला पोरगी गायब हाय अन् लोक हसायलेत, ह्याला काय कॉमेडी म्हणायचं का. जिंतूरचा दुसरा म्हणला, आपल्याकडं असंच चालायलंय की, मग हसायचं नाही तर काय करायचं. डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला तेव्हापासून गुन्ह्याबद्दल कुणी हलकं बोललेलं ग्रुपमध्ये खपत नाही, आणि ते मला कळतं.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात (शेवट सांगत नाही). बुंदेलखंडातलं मोबा नावाचं काल्पनिक गाव, तिथल्या आमदाराच्या बागेतून मलेशियन जातीचे दोन फणस चोरीला जातात आणि अख्खं पोलीस खातं त्यांच्या मागं लागतं. तपास इन्स्पेक्टर महिमा बसोरकडं, म्हणजे सान्या मल्होत्राकडं. तपासात तिला कळतं की बागेतल्या माळ्याची पोरगी हरवलीय आणि तिला कुणीच शोधत नाही. मग ती काय करते, तर फणस त्या पोरीनंच चोरले असं सांगून टाकते, म्हणजे आता फणसासाठी का होईना, पोलीस पोरीला शोधणार.

माझ्या मते सगळा पिक्चर ह्या एका युक्तीवर उभा आहे आणि ती युक्ती जबरदस्त आहे. आपण हसतो, पण पोरीवर नाही, जिथं आमदाराच्या फणसाला गरिबाच्या लेकरापेक्षा जास्त किंमत आहे त्या व्यवस्थेवर हसतो. जातीचंही तसंच, महिमा खालच्या मानलेल्या जातीतली पण हुद्द्यानं वर, तिचा मित्र द्विवेदी म्हणजे ब्राह्मण, पण हुद्द्यानं साधा कॉन्स्टेबल, आणि ह्यावर कुणी भाषण देत नाही, बोलता बोलता ते येत राहतं.

मी नऊ वर्षं जर्मनीत, डॉर्टमुंडला आहे. इथं रविवारी रात्री सव्वाआठला टीव्हीवर 'टाटओर्ट' लागतं, 1970 पासून चालू आहे, दर आठवड्याला वेगळ्या शहराचे पोलीस आणि वेगळा खून, आणि त्यातली लोकांची सगळ्यात आवडती जोडी म्हणजे आमच्या शेजारच्या म्युन्स्टर शहराची, जी 2002 पासून खुनाच्या तपासात लोकांना हसवते. ऑफिसमधले लोक सोमवारी त्यावर बोलतात, पण म्युन्स्टरची बदनामी झाली असं म्हणलेलं मी तरी ऐकलं नाही. आधी मला वाटायचं ह्यांना विनोद कळतो अन् आपल्याला कळत नाही. आता तसं वाटत नाही.

माझी सायकल इथं चोरीला गेली, मी घरी बसून ऑनलाइन तक्रार केली, काही आठवड्यांनी पत्र आलं की चोर सापडला नाही, तपास थांबवतोय. सायकल गेली ती गेलीच, पण माझी तक्रार कुठंतरी नोंदली होती, तिला नंबर होता. गावाकडं अण्णांच्या विहिरीवरची मोटार केबलसकट नेली तेव्हा ऐन हरभऱ्याला पाणी द्यायची वेळ होती, अण्णा तीनदा ठाण्यात गेले, साधा अर्ज ठेवून घेतला, एफआयआर काही केली नाही. दखलपात्र गुन्ह्याची एफआयआर घ्यावीच लागते हे सुप्रीम कोर्टानं 2013 मध्येच सांगितलंय, पण ते अण्णांनी ठाण्यात कुणाला सांगायचं? ज्याची तक्रार लिहून घेतली जाते त्याला पोलिसांवर हसणं सोपं जातं, त्यामुळं वकील मित्राचा राग मला खोटा वाटत नाही.

फक्त तो राग चुकीच्या जागी जातोय असं वाटतं. पिक्चरमध्ये कमी आहेच, पण ती विनोदाची नाही, उलट विनोद पुरेसा बोचत नाही ही आहे. विजय राजचा आमदार बघायला मजा येते पण त्याची भीती कुठंच वाटत नाही, आणि ज्याची भीती वाटत नाही त्याच्यापुढं खातं इतकं का वाकतं ते पटत नाही. राजपाल यादवचा पत्रकारही नुसता गंमतीपुरताच राहतो, आणि शेवटाकडं तर सगळं इतकं भराभर सुटतं की त्या माळ्याचं दुःख मागं पडतं, तिथं अजून दहा मिनिटं थांबायला पाहिजे होतं.

बोली मात्र त्यांनी मनापासून वापरलीय. बुंदेली बोलणारी माणसं तिथं बोलीमुळं हास्यास्पद होत नाहीत. आपल्याकडं 'करायलो, जायलो' ऐकलं की पुण्या-मुंबईचं थेटर आधीच हसतं, मग तो माणूस काहीही बोलू दे. परभणीच्या बोलीत बोलणारी एक इन्स्पेक्टर, गोष्ट मोटार चोरीची किंवा सोयाबीनच्या कट्ट्यांची, आणि हसू आलं तर तिच्या साहेबांवर, असा मराठी पिक्चर कुणीतरी काढावा असं मला फार वाटतं.

रविवारी फोनवर अण्णांना ही सगळी स्टोरी सांगितली, फणसाच्या भागाला ते खूप हसले, नंतर जरा वेळ गप्प, आणि मग एवढंच विचारलं, "त्या माळ्याची लेक घावली का रे?"