राउटरमधून इंटरनेट उगवत नाही

"गच्चीवर जुने राउटर लावा, मोफत सॉफ्टवेअर टाका, गावभर मेश करा. रिचार्ज नाही, बिल नाही, परवाना नाही, सरकारलाही बंद करता येणार नाही!" हा मेसेज सगळीकडे फिरतोय. (मेश म्हणजे एकमेकांना बिनतारी जोडलेल्या राउटरांचं जाळं.) मी दुर्लक्ष करत होते, पण आता मावशीनेच विचारलं, "अगं, मग घरचं ब्रॉडबँड काढून टाकू का?"

मावशी, अजिबात काढू नकोस.

बिलाचा मुद्दा आधी, कारण नुकसान तिथेच आहे. ओपनडब्ल्यूआरटी, लिब्रेमेश ही राउटरमध्ये टाकायची सॉफ्टवेअर फुकट मिळतात, खरंय. पण हे सॉफ्टवेअर एका राउटरकडून दुसऱ्याकडे जायची वाट तेवढी शोधतं. जाळ्याला कुठेतरी बाहेरची लाइन जोडावीच लागते आणि तिचे पैसे कोणीतरी भरतंच. स्पेनमधल्या कातालुनियातलं गिफी.नेट हे जाळं बघा. ओसोना भागातल्या शेतघरांपर्यंत कंपन्या पोचेनात, म्हणून २००४ मध्ये लोकांनीच ते उभं केलं. पुढे ते ३५ हजारांहून जास्त नोडपर्यंत, म्हणजे जोडणीच्या ठिकाणांपर्यंत, वाढलं. तिथेही इंटरनेट हवं असलेली घरं त्या जाळ्यावरच्या छोट्या सेवादारांना दरमहा पैसे देतात आणि देखभालीचा खर्चही वाटून घेतला जातो. एवढ्या मोठ्या जाळ्याला बिल चुकलं नाही, ते आपल्या वाडीला कसं चुकेल? आणि मेसेज वाचून सगळ्यांनीच लाइन काढल्या, तर वाटून घ्यायला उरणार काय?

परवान्याचं अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करते. जानेवारी २००५ च्या अधिसूचनेपासून वाय-फायच्या लहरींच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात ठरवून दिलेल्या ताकदीपर्यंत परवाना लागत नाही. ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ मध्ये खुला झाला. पण ही सूट लहरींपुरती आहे. लोकांना इंटरनेट विकायचे नियम वेगळे. छोट्या दुकानदाराला बिनपरवाना ते करायचं असेल तर २०२० ची पीएम-वाणी ही सार्वजनिक वाय-फायची सरकारी योजना आहे, तिच्या चौकटीत करावं.

"बंद करता येणार नाही" म्हणे! बाहेरची लाइन तोडली की इंटरनेट गेलं. वीज गेली आणि बॅटरी नसली की राउटरही गेला. गावातल्या गावात मात्र शाळेच्या सर्व्हरवरचे धडे, ग्रामपंचायतीच्या सूचना लाइनशिवायही पोचतात. मेश त्यासाठी जरूर उभारावी, मीही मदतीला येईन.

राहिले जुने राउटर. एकच रेडिओ (लहरी पाठवणारा-घेणारा भाग) असेल तर प्रत्येक टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो. शिवाय ४ एमबी फ्लॅश (साठवणीची जागा) आणि ३२ एमबी रॅमवाल्यांना ओपनडब्ल्यूआरटीने १९.०७ या आवृत्तीनंतर सोडून दिलंय. माळ्यावरचा डबा खाली काढण्याआधी त्यामागचं मॉडेल त्यांच्या यादीत शोधा.